नागरी सार्वजनिक वाहतूक आणि निःशुल्क प्रवासाची संकल्पना : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांच्या ट्रामची वाहतूक सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी या प्रवासाचे भाडे तीन आणे होते आणि प्रारंभी प्रवाशास तिकीट दिले जात नसे. प्रवासी वाढू लागल्यावर भाडे दोन आण्यांवर आले आणि पैसे न देता प्रवास करणाऱ्यांना आळा घालण्यासाठी त्याच वर्षी तिकिटांचा वापर सुरू झाला. हा तपशील लहान असला तरी अर्थपूर्ण आहे. आज तिकिटाशिवाय बसप्रवासाची कल्पना करणे कठीण वाटते. परंतु तिकीट आणि भाडे या दोन्ही गोष्टी विशिष्ट काळी, विशिष्ट गरजेतून निर्माण झालेल्या व्यवस्था आहेत. ज्या गोष्टीस आरंभ असतो, तिच्यात बदलही होऊ शकतो.

शिक्षणाच्या क्षेत्रात असा बदल महाराष्ट्राने पाहिलेला आहे. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तेच धोरण स्वीकारले. त्या काळी या निर्णयांवर खर्चाचा आणि अव्यवहार्यतेचा आक्षेप घेतला गेला होता. आज प्राथमिक शाळेच्या दारात फी घ्यावी, असे कोणी म्हणत नाही. शहरातील बसच्या दारात भाडे घेणे अपरिहार्य आहे काय, हा प्रश्न याच परंपरेत विचारता येतो.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) सार्वजनिक वाहतुकीचा खर्च कोणी सोसावा याविषयीच्या धारणा कशा बदलत गेल्या, याचा मागोवा घेणे.
२) निःशुल्क प्रवासाचे देशोदेशींचे निवडक प्रयोग का टिकले अथवा का थांबले, हे तपासणे.
३) या अनुभवांच्या आधारे मुंबईसारख्या महानगराच्या संदर्भात या धोरणाच्या बाजूने कोणती मांडणी करता येते, हे पाहणे.

निबंधासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. 'निःशुल्क' या शब्दाचा अर्थ येथे 'विनाखर्च' असा घेतलेला नाही. बस चालवण्यास इंधन, चालक, आगार व दुरुस्ती यांचा खर्च येतोच. हा खर्च प्रवासाच्या क्षणी प्रवाशाकडून वसूल न करता समाजाने आधीच एकत्रितपणे भरणे, एवढाच निःशुल्क प्रवासाचा अर्थ होय.

मुंबईतील भाड्याची घडण

मुंबईतील ट्राम ही खाजगी कंपनीची होती आणि भागधारकांना नफा देणे हे तिचे प्रयोजन होते. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीने वीज आणि ट्राम हे दोन व्यवसाय एका छत्राखाली आणले. ७ मे १९०७ रोजी विजेवर चालणारी ट्राम धावली, तर १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली बस सुरू झाली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, ही कंपनी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीची झाली. आज 'बेस्ट' या नावाने ओळखला जाणारा उपक्रम तो हाच.

या हस्तांतरामुळे भाड्याचा अर्थ बदलला. कंपनीच्या हाती भाडे हे उत्पन्नाचे साधन होते. महापालिकेच्या हाती ते सार्वजनिक निर्णयाचा विषय बनले. भाडेवाढीचा प्रस्ताव समितीपुढे येऊ लागला, त्यावर नगरसेवक बोलू लागले आणि वृत्तपत्रांतून टीका होऊ लागली. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, वीजपुरवठ्यातील शिल्लक रकमेतून वाहतुकीची तूट भरून काढण्याची पद्धत रूढ झाली. दक्षिण मुंबईतील दुकाने, कार्यालये व निवासस्थाने यांच्या वीजदेयकांतून सर्व शहरातील बसप्रवासाचा काही भार उचलला जात असे. म्हणजेच मुंबईकराने बसमध्ये दिलेले भाडे हे प्रवासाचे संपूर्ण मूल्य नव्हतेच. त्याचा एक भाग शहर दुसऱ्या वाटेने भरत होते.

ही वाट पुढे अरुंद झाली. वीज अधिनियम २००३ नंतर वीजदरांची छाननी स्वतंत्र नियामक आयोगाकडून होऊ लागली. वाहतुकीची तूट वीजग्राहकांकडून वसूल करणे न्याय्य आहे काय, यावर आयोगापुढे व न्यायालयांत वाद झाले आणि २०१० नंतरच्या दशकात ही आकारणी थांबली. वीजग्राहकाची बाजू निराधार नव्हती, कारण बसच्या तुटीशी त्याचा थेट संबंध नव्हता. परंतु एक स्रोत बंद होताना त्याच्या जागी दुसरा निश्चित स्रोत उभा राहिला नाही. तूट मात्र कायम राहिली आणि तिचा परिणाम बसच्या संख्येवर झाला. एकेकाळी चार हजारांहून अधिक असलेला ताफा २०२५ पर्यंत तीन हजारांच्या खाली आला.

युरोपातील प्रयोग : हॅसेल्ट, टॅलिन व डंकर्क

युरोपात निःशुल्क प्रवासाची चर्चा १९७० च्या दशकात जोर धरू लागली. इटलीतील बोलोन्या शहराच्या डाव्या विचारांच्या नगरपालिकेने १९७३ मध्ये गर्दीच्या वेळी बसप्रवास निःशुल्क केला. ऐतिहासिक शहराचा गाभा मोटारींच्या अतिक्रमणापासून वाचवण्याच्या व्यापक धोरणाचा तो भाग होता. पुढे आर्थिक अडचणींमुळे ही सवलत आवरती घ्यावी लागली.

बेल्जियममधील हॅसेल्ट हे सुमारे ७० हजार वस्तीचे शहर. तेथे १ जुलै १९९७ पासून शहर बससेवा सर्वांसाठी निःशुल्क झाली. तत्कालीन महापौर स्टीव्ह स्टीव्हार्ट यांच्यासमोर वाहनांची गर्दी आणि रिकामी तिजोरी अशा दोन अडचणी होत्या. शहराभोवती आणखी एक वळणरस्ता बांधण्याची योजना त्यांनी बाजूला ठेवली. जुन्या अंतर्गत वळणरस्त्याची रुंदी कमी करून तेथे झाडे लावली, पादचाऱ्यांसाठी जागा केली आणि बसमार्ग व फेऱ्या कित्येक पटींनी वाढवल्या. १९९६ मध्ये वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास असलेली प्रवासीसंख्या पुढील दशकात ४० लाखांच्या पुढे गेली. ही वाढ केवळ भाडे हटवल्यामुळे झाली असे म्हणणे चुकीचे ठरेल. भाडे हटले, बस वाढल्या आणि मोटारीसाठीची जागा घटली, या तीन गोष्टी एकत्र आल्याचा हा परिणाम होता.

तथापि एप्रिल २०१३ मध्ये हॅसेल्टला प्रौढ प्रवाशांकडून पुन्हा भाडे घ्यावे लागले. वापर वाढला तसा खर्चही वाढला. शहर आणि प्रादेशिक वाहतूक कंपनी यांच्यातील खर्चवाटप हे दर वेळच्या अंदाजपत्रकावर अवलंबून होते. काटकसरीचा काळ येताच ती मदत आटली. प्रयोग लोकांना नकोसा झाला म्हणून नव्हे, तर त्यास स्वतःचा बांधलेला महसूल नव्हता म्हणून तो थांबला.

ज्या वर्षी हॅसेल्टचा प्रयोग थांबला, त्याच वर्षाच्या आरंभी एस्टोनियाची राजधानी टॅलिन येथे तो सुरू झाला. मार्च २०१२ मध्ये घेतलेल्या जनमत चाचणीत मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश नागरिकांनी कौल दिला आणि १ जानेवारी २०१३ पासून शहरात नोंदणी असलेल्या रहिवाशांना बस, ट्राम व ट्रॉलीबसचा प्रवास निःशुल्क झाला. यातील 'नोंदणी' हा शब्द कळीचा होता. एस्टोनियात व्यक्तिगत प्राप्तिकराचा एक हिस्सा ती व्यक्ती जेथे नोंदलेली असते त्या नगरपालिकेस मिळतो. शहरात राहणारे परंतु अन्यत्र नोंद असलेले अनेक जण या सवलतीसाठी टॅलिनमध्ये नोंदले गेले आणि शहराचा करमहसूल वाढला. भाड्यातून होणारी हानी भरून काढण्याची तजवीज योजनेच्या रचनेतच होती.

टॅलिनच्या परिणामांचा संशोधकांनी काळजीपूर्वक अभ्यास केला आहे. त्यानुसार एका वर्षात सार्वजनिक वाहतुकीचा वापर सुमारे १४ टक्क्यांनी वाढला. एकूण प्रवासांतील मोटारीचा वाटा ३१ वरून २८ टक्क्यांवर आला, तर पायी प्रवासाचा वाटा १२ वरून ७ टक्क्यांवर घसरला. मोटारी अपेक्षेइतक्या कमी झाल्या नाहीत आणि चालणारे लोकच बसमध्ये बसले, असा निष्कर्ष काढून अनेकांनी हा प्रयोग निष्फळ ठरवला. या निष्कर्षाचा विचार पुढे केला आहे.

फ्रान्समधील डंकर्क या सुमारे दोन लाख वस्तीच्या नागरी समूहात १ सप्टेंबर २०१८ पासून बस निःशुल्क झाल्या. तेथे भाड्याचे उत्पन्न एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांच्या आसपासच होते. मुख्य खर्च आस्थापनांच्या वेतनबिलावर आकारल्या जाणाऱ्या वाहतूक करातून भागत असे. हा कर फ्रान्समध्ये १९७१ साली पॅरिस परिसरासाठी सुरू झाला आणि १९७३ पासून अन्य शहरांना खुला झाला. कामगार कामावर पोहोचतात याचा लाभ मालकासही होतो, म्हणून त्याने त्याचा वाटा उचलावा, हे त्यामागील तत्त्व होय. भाडे रद्द करण्यापूर्वी डंकर्कने बसमार्गांची संपूर्ण फेरमांडणी केली. परिणामी कामाच्या दिवशी प्रवासीसंख्या दीडपटीहून अधिक आणि सुटीच्या दिवशी दुपटीहून अधिक झाली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी लक्झेंबर्गने हेच धोरण, रेल्वेचा प्रथम वर्ग वगळता, संपूर्ण देशात लागू केले.

साओ पाउलो : मंजूर न झालेला प्रस्ताव

वरील उदाहरणे लहान आणि संपन्न शहरांची आहेत, असा आक्षेप घेतला जातो. म्हणून ब्राझीलमधील साओ पाउलोचा इतिहास भारतीय वाचकास अधिक जवळचा वाटेल. १९८९ ते १९९२ या काळात लुइझा एरुंदिना या महापौर होत्या. ईशान्येकडील दुष्काळी प्रदेशातून आलेल्या या महिलेने सामाजिक कार्यकर्ती म्हणून झोपडवस्त्यांत काम केले होते. त्यांचे वाहतूक सचिव लुसिओ ग्रेगोरी यांनी १९९० मध्ये बसभाडे पूर्णपणे रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यासाठी मालमत्ता कराची फेररचना करून मोठ्या मालमत्तांवर अधिक दराने कर बसवावा आणि त्यातून वाहतुकीचा निधी उभारावा, अशी योजना होती.

नगरपरिषदेने हा प्रस्ताव मान्य केला नाही. मात्र त्यातील एक भाग टिकला. खाजगी बसचालक कंपन्यांना प्रवासीसंख्येनुसार नव्हे, तर दिलेल्या सेवेच्या खर्चानुसार मोबदला देण्याची पद्धत आली. प्रवासीसंख्येनुसार मोबदला मिळत असता दाटीवाटीने भरलेली बस कंपनीला फायद्याची ठरते. सेवेनुसार मोबदला मिळाल्यास बस वेळेवर सोडणे फायद्याचे ठरते. भाडे कायम राहूनही भाडे आणि सेवा यांची गाठ सैल झाली.

नामंजूर झालेला विचार नष्ट झाला नाही. जून २०१३ मध्ये साओ पाउलोतील भाडे तीन रिआलवरून तीन रिआल वीस सेंटाव्हो झाले तेव्हा सुरू झालेले आंदोलन देशभर पसरले आणि वाढ मागे घ्यावी लागली. २०१५ मध्ये घटनादुरुस्तीद्वारे वाहतुकीचा समावेश ब्राझीलच्या राज्यघटनेतील सामाजिक हक्कांत करण्यात आला. डिसेंबर २०२३ पासून साओ पाउलोत रविवारी बसप्रवास निःशुल्क झाला आणि तोपर्यंत ब्राझीलमधील अनेक लहान-मध्यम शहरांनी भाडे पूर्णपणे रद्द केलेले होते. १९९० साली अव्यवहार्य ठरलेली कल्पना एका पिढीच्या अवधीत धोरण बनली.

भारतातील अनुभव

भारतात निःशुल्क प्रवास हा सर्वांसाठी नव्हे, तर प्रामुख्याने महिलांसाठी आला. दिल्लीत २९ ऑक्टोबर २०१९ पासून महिलांना गुलाबी तिकीट देण्यास प्रारंभ झाला. प्रत्येक तिकिटामागे दहा रुपयांची प्रतिपूर्ती शासन करीत असे. पंजाबने एप्रिल २०२१ मध्ये, तमिळनाडूने मे २०२१ मध्ये, कर्नाटकाने 'शक्ती' योजनेद्वारे ११ जून २०२३ पासून आणि तेलंगणाने डिसेंबर २०२३ मध्ये अशाच योजना सुरू केल्या. महाराष्ट्रात राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत, तर १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला.

तमिळनाडूच्या राज्य नियोजन आयोगाने केलेल्या पाहणीत महिलांची दरमहा सरासरी ८८८ रुपयांची बचत होत असल्याचे आढळले. घरकाम, विक्री किंवा शिवणकाम करून उपजीविका करणाऱ्या स्त्रीच्या मिळकतीत ही रक्कम लहान नाही. त्याहून मोठा लाभ रुपयांत मोजता येत नाही. कामाचे ठिकाण निवडताना दोन मैल पलीकडच्या वस्तीचा विचार करता येणे, आजारी नातलगास भेटता येणे, घरातील पुरुषाकडे भाड्यासाठी हात न पसरता बाहेर पडता येणे, हे ते लाभ होत.

टॅलिनच्या निष्कर्षाचे पुनर्वाचन येथे आवश्यक ठरते. चालणारे लोक बसमध्ये बसले, हे तेथील नियोजनकारांस अपयश वाटले, कारण त्यांचे लक्ष्य मोटार होते. भारतीय शहरात असंख्य लोक आरोग्यासाठी नव्हे, तर भाडे परवडत नाही म्हणून चालतात. असे चालणे थांबून ते लोक बसमध्ये बसले, तर ते धोरणाचे अपयश नसून प्रयोजन आहे. एकच आकडा दोन समाजांत दोन अर्थ सांगतो.

काही आक्षेप

निःशुल्क प्रवासावरील पहिला आक्षेप वर्तनाविषयी आहे. 'फुकट ते पौष्टिक' या वृत्तीने लोक बसचा गैरवापर करतील, असे म्हटले जाते. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात १९८९-९० मध्ये भाडे रद्द केले असता प्रवासी वाढले, परंतु उपद्रवाच्या तक्रारीही वाढल्या आणि प्रयोग थांबवावा लागला. हा अनुभव नाकारता येत नाही. मात्र डंकर्क व लक्झेंबर्ग येथे योजना याच कारणाने मागे घ्याव्या लागल्या नाहीत. उपद्रवाचा संबंध केवळ भाड्याशी नसून देखरेखीशीही आहे, असे यावरून म्हणता येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उपलब्ध पैसा भाडे माफ करण्यास वापरावा की अधिक बस घेण्यास? डंकर्कमध्ये भाड्याचा वाटा अल्प होता. भारतीय शहर बससेवेत तो बराच मोठा असतो. त्यामुळे येथे भाडे सोडण्याची किंमतही मोठी आहे. बस न वाढवता भाडे माफ केले, तर आधीच भरलेल्या बसमध्ये आणखी माणसे चढतील. शिवाय प्रतिपूर्ती वेळेवर न मिळाल्यास विनाभाडे प्रवासी हा संस्थेस भार वाटू लागतो. महिला थांब्यावर दिसताच बस पुढे नेल्याच्या तक्रारी काही शहरांत झाल्या, त्यामागे ही मानसिकता आहे. या आक्षेपातून निघणारा धडा एवढाच की, बस वाढवणे ही निःशुल्क प्रवासाची पूर्वअट आहे, तिचा पर्याय नव्हे.

मुंबई : कोणाचा प्रवास निःशुल्क?

मुंबईने अलीकडेच या प्रश्नाचा एक अंश अनुभवला. ९ जुलै २०१९ रोजी महापालिकेच्या अर्थसाहाय्याच्या आधारे बेस्टचे किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपये करण्यात आले. घटत चाललेली प्रवासीसंख्या काही महिन्यांतच वाढून ३० लाखांच्या घरात गेली. भाडे हा प्रवासातील अडथळा आहे, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता. मात्र ठरल्याप्रमाणे ताफा वाढला नाही. उलट तो घटला. तूट वाढत गेली आणि ९ मे २०२५ पासून किमान भाडे दहा रुपये, तर वातानुकूलित बसचे बारा रुपये झाले. हॅसेल्टच्या अनुभवाची येथे वेगळ्या रूपात पुनरावृत्ती झाली : सवलत दिली गेली, परंतु तिचा निधी बांधलेला नव्हता.

याच काळातील अन्य दोन निर्णय या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहेत. महापालिकेने १२ हजार कोटींहून अधिक खर्च करून बांधलेला किनारी रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यावर पथकर नाही आणि दुचाकी व तीनचाकी वाहनांस तेथे प्रवेशही नाही. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या मोटार वाहनांना पथकरमाफी मिळाली. म्हणजे निःशुल्क प्रवासाचे तत्त्व मुंबईने स्वीकारलेले आहेच. ते प्रथम मोटारीस लागू झाले. रस्त्यावर खर्च होतो त्यास गुंतवणूक म्हणतात, बसवर खर्च होतो त्यास तूट म्हणतात. किनारी रस्त्याचा वार्षिक तोटा किती, असा प्रश्न कोणत्याही सभागृहात विचारला जात नाही. हा फरक हिशोबाचा नसून दृष्टीचा आहे.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) बसभाडे ही प्रवासाची नैसर्गिक किंमत नव्हे. मुंबईत १९४७ नंतर ते सार्वजनिक निर्णयाने ठरत आले आणि प्रवासाचा काही खर्च शहराने सदैव अन्य मार्गाने उचलला.

२) निःशुल्क प्रवासाच्या योजना लोकप्रियतेवर नव्हे, तर निश्चित महसुलावर टिकतात. टॅलिनचा प्राप्तिकरातील हिस्सा आणि डंकर्कचा वाहतूक कर ही त्याची उदाहरणे होत. हॅसेल्टमध्ये व मुंबईत असा स्रोत नव्हता.

३) सेवेचा विस्तार आधी किंवा सोबत झाला पाहिजे. बसविना मोफत प्रवास हे केवळ कागदावरील आश्वासन ठरते.

४) भारतीय शहरांत या धोरणाचे यश मोटारी किती घटल्या एवढ्यावरच मोजू नये. पूर्वी ज्यांचा प्रवासच होत नव्हता, त्यांच्यापैकी किती जण घराबाहेर पडू शकले, हा अधिक योग्य निकष होय.

मुंबईसारख्या शहरात उद्याच भाडे रद्द करावे, असे हा इतिहास सांगत नाही. मोटारींच्या वाहनतळ शुल्कातून, मालमत्ता करातून किंवा मोठ्या आस्थापनांच्या अंशदानातून वाहतुकीसाठी राखीव निधी उभारावा, त्यातून प्रथम बस वाढवाव्यात आणि मग भाडे टप्प्याटप्प्याने उतरवावे, हा क्रम त्यातून सुचतो. प्राथमिक शाळेच्या दारातील फी हटण्यासही काही पिढ्यांचा अवधी लागला होता. मात्र त्यासाठी बडोदे व कोल्हापूर येथे कोणीतरी खर्चाची तरतूद आधी केली होती.